सात महिन्यांचे बाळ रात्री पाच-सहा वेळा उठते, काय करावे?

“माझा मुलगा सात महिन्यांचा आहे. तो दूध पिता पिताच झोपतो आणि पाळण्यात ठेवले की तासा-दीड तासाने रडत उठतो. रात्रीतून पाच-सहा वेळा असे होते आणि दर वेळी पाजल्याशिवाय तो झोपत नाही. डॉक्टरांनी वजन आणि वाढ उत्तम असल्याचे सांगितले आहे. सासूबाईंचे म्हणणे असे की माझे दूध त्याला पुरत नाही, रात्री बाटलीत काहीतरी घट्ट कालवून द्यावे. मैत्रीण म्हणते, चार रात्री रडू दे, आपोआप शिकेल. पण ते रडणे माझ्याच्याने ऐकवत नाही. दीड महिन्याने माझी नोकरी पुन्हा सुरू होत आहे आणि हल्ली दिवसाही मला काही सुचेनासे झाले आहे. माझे नेमके कुठे चुकते आहे? नोकरीपूर्वी हे सुधारेल का?”

प्रिय ताई,

तुमच्या पत्रातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट तुम्ही जाता जाता लिहून गेला आहात: बाळाचे वजन आणि वाढ उत्तम आहे. दूध पुरते आहे की नाही हे ओळखण्याचा याहून भरवशाचा पुरावा नाही, त्यामुळे दूध कमी पडते म्हणून तो उठत असेल ही शंका आधी मनातून काढून टाका. तुमचे चुकलेलेही काही नाही. दूध पिताना झोप लागणे हे तान्ह्या बाळाच्या बाबतीत अगदी स्वाभाविक आहे, आणि पहिल्या दोन-तीन महिन्यांत त्याला याहून वेगळ्या रीतीने झोपवण्याचा आटापिटा करण्याची काही गरजही नसते. तुमचा मुलगा आता मोठा झाला आहे आणि जी रीत तेव्हा दोघांनाही सोयीची होती ती आता दोघांचीही झोप मोडते आहे, एवढाच काय तो फरक पडला आहे.

कोणतेही बाळ रात्रभर सलग झोपत नाही, हे एकदा नीट समजून घेतले की पुढचे सगळे सोपे होते. झोप आवर्तनांनी येते. मोठ्या माणसाचे एक आवर्तन सुमारे ९० मिनिटांचे असते, तर तान्ह्या बाळाचे पन्नास ते साठ मिनिटांचे. प्रत्येक आवर्तनाच्या शेवटी झोप उथळ होते, शरीर हलते, कधी कधी डोळेही उघडतात, आणि मग पुढचे आवर्तन सुरू होते. थॉमस अँडर्स या अमेरिकी बालमानसोपचारतज्ज्ञांनी १९७० च्या दशकात बाळांच्या घरी कॅमेरे लावून त्यांच्या रात्री चित्रित केल्या, तेव्हा असे दिसले की ‘आमचे बाळ रात्रभर झोपते’ असे ज्यांचे पालक सांगत होते ती बाळेही रात्रीतून जागी होतच होती. मात्र ती इकडेतिकडे पाहत, बोट चोखत, काही मिनिटांत आपली आपण पुन्हा झोपत. दुसरी काही बाळे जाग येताच रडून कुणाला तरी बोलावत. म्हणजे जाग दोघांनाही येत होती आणि फरक होता तो जाग आल्यानंतर काय होते यात. तुमचा मुलगा या दुसऱ्या गटातला आहे, आणि एका गटातून दुसऱ्या गटात जाता येते.

ते जमण्यासाठी लागणारी शारीरिक तयारी त्याच्याकडे आता आहे. जन्मतः बाळाला दिवस आणि रात्र यांतला फरक कळत नाही. अंधार पडल्यावर झोप आणणारे मेलाटोनिन हे संप्रेरक त्याच्या शरीरात ठरावीक लयीत तयार व्हायला साधारण तीन महिने जावे लागतात. तरीही शेजारच्या बाळाशी तुलना करू नका. कॅनडातील संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सहा महिन्यांच्या ३८ टक्के बाळांना सलग सहा तासही झोप लागत नव्हती, आणि वर्षाच्या बाळांमध्येही हे प्रमाण २८ टक्के होते. अशा बाळांच्या बौद्धिक किंवा शारीरिक विकासात इतरांच्या तुलनेत काहीही उणे आढळले नाही. त्यामुळे झोपेची घडी बसवायची ती प्रामुख्याने तुमच्या विश्रांतीसाठी. बाळाचे काही नुकसान होते आहे अशा धास्तीने बसवायची नाही.

आता तुमच्या मुलाकडे पाहू. संध्याकाळी त्याला झोप लागते तेव्हा तो तुमच्या कुशीत असतो, अंगाला तुमची ऊब असते आणि तो दूध ओढत असतो. तासाभराने झोप उथळ होते, तो डोळे किलकिले करतो आणि त्याला जाणवते की यांतले काहीच आता नाही. झोपेकडे नेणारी त्याला ठाऊक असलेली एकच वाट बंद झालेली असते, म्हणून तो ती मागतो. यात हट्ट नाही आणि बहुतेक वेळा भूकही नाही. जे बाळ दिवसा दोन-अडीच तास न पिता मजेत खेळते त्याला रात्री दर तासाला भूक लागण्याचे कारण नसते. तुम्ही लिहिलेले तासा-दीड तासाचे अंतर हे भुकेचे नसून झोपेच्या आवर्तनाचे अंतर आहे. म्हणून माझा सगळा सल्ला एकाच गोष्टीभोवती आहे: मध्यरात्रीच्या जागांशी झगडू नका, संध्याकाळी त्याला पहिली झोप कशी लागते तेवढे बदला. पहिली झोप त्याला पाळण्यात, दूध तोंडात नसताना लागू लागली की मधल्या बऱ्याच जागा हळूहळू आपोआप मिटतात, कारण जाग आल्यावर त्याला सगळे तसेच सापडते जसे झोपताना होते.

याचा अर्थ रात्रीचे दूध एकदम तोडायचे असा मात्र मुळीच नाही. सात महिन्यांच्या, अंगावर पिणाऱ्या बाळाला रात्रीतून एक-दोनदा खरोखरच भूक लागू शकते, आणि वरचे खाणे सुरू झाले असले तरी या वयात दूध हेच त्याचे मुख्य अन्न असते. पाच-सहा वेळांचे दोन वेळांवर आणणे हे उद्दिष्ट पुरेसे आहे. तो रात्री आठला झोपत असेल तर पहिली पाजणी बाराच्या आधी नको आणि दुसरी त्यानंतर तीन-चार तासांनी, असे काहीसे ठरवून ठेवा. या दोन वेळांना विनातक्रार, पोटभर, मंद उजेडात आणि फारसे न बोलता पाजा. बाकीच्या वेळी दुसऱ्या रीतीने शांत करण्याचा प्रयत्न करा. खरी भूक ओळखण्याची खूण तुम्हालाच सर्वांत चांगली कळेल: भुकेले बाळ घटाघटा गिळते आणि बराच वेळ पिते, तर केवळ झोपेसाठी मागणारे बाळ दोन मिनिटे ओढते आणि मग नुसते ओठ हलवत राहते. ज्या पाजण्या बंद करायच्या आहेत त्या एका रात्रीत बंद न करता दर दोन रात्रींनी एक-दोन मिनिटांनी कमी करत न्या, म्हणजे बाळालाही झेपेल आणि दूध साठून तुमचे स्तनही दुखणार नाहीत.

इथे आणखी एक गोष्ट आहे जी अनेक घरांत लक्षातच येत नाही. सहा-सात महिन्यांच्या बाळाला जगाचे विलक्षण कुतूहल असते. दिवसा पिताना कुणी बोलले, दार वाजले, सावली हलली की ते दूध सोडून तिकडे पाहते, अर्धवट पिते आणि राहिलेले दूध रात्रीच्या शांततेत भरून काढते. तुमच्याकडे असे होत असेल तर दिवसाच्या निदान तीन-चार पाजण्या आतल्या शांत खोलीत, पडदे ओढून, फोन बाजूला ठेवून करा. दिवसाचे दूध वाढले की रात्रीचे कमी करणे बाळाला जड जात नाही.

सासूबाईंच्या सुचवणीबद्दल मला आदराने पण ठामपणे सांगायचे आहे की बाटलीत पीठ किंवा कोणतेही घट्ट अन्न कालवून देऊ नका. त्याने घशात अडकण्याचा धोका वाढतो, बाळाला पोट भरल्याचा अंदाज येत नाही, आणि ज्यासाठी हे करायचे ती झोपही त्याने मिळत नाही. बाटलीतून धान्याचे पीठ देऊन पाहणाऱ्या १९८९ मधील एका चाचणीत दोन्ही गटांतली बाळे सारखीच झोपली. लवकर वरचे अन्न सुरू केलेल्या बाळांवर इंग्लंडमध्ये झालेल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यांत झोप वाढलेली दिसली ती जास्तीत जास्त सोळा-सतरा मिनिटांनी. घट्ट अन्न द्यायचे ते दिवसा, बसवून, चमच्याने. सासूबाईंना तुमची दमणूक दिसते आहे आणि त्यावर त्या उपाय शोधत आहेत, असे मला पत्रावरून वाटते. त्या उपायाला नकार देताना त्यांच्याकडे खरी मदत मागा. पहाटे पाचनंतर बाळ उठले तर त्याला घेऊन दुसऱ्या खोलीत जाण्याइतकी मदतही तुम्हाला दीड-दोन तासांची झोप मिळवून देईल.

मैत्रिणीच्या सल्ल्याबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण या विषयावर दोन्ही बाजूंनी फार टोकाचे बोलले जाते. ठरावीक मिनिटे थांबून, मग बाळाला धीर देऊन, पुन्हा थांबण्याची जी पद्धत आहे तिने बाळाचे मन दुखावते किंवा आईवरचा विश्वास उडतो, असे पुरावे सांगत नाहीत. ऑस्ट्रेलियातील ॲडलेड इथे झालेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ४३ बाळे होती. थांबून धीर देणे, झोपेची वेळ पुढे सरकवणे आणि केवळ माहिती देणे अशा तीन गटांत वर्षभरानंतर आईशी असलेल्या नात्यात किंवा वागणुकीत फरक सापडला नाही. मेलबर्नमधील अभ्यास तर तुमच्या मुलाच्याच वयाच्या, झोपेची तक्रार असलेल्या बाळांवर होता. ती मुले सहा वर्षांची झाल्यावर पाहिले तेव्हा त्यांच्या भावनिक आरोग्यात, वागण्यात आणि आईवडिलांशी असलेल्या नात्यात काही अपाय दिसला नाही, आणि तोपर्यंत झोपेचा फायदाही उरलेला नव्हता, कारण ज्यांच्या पालकांना अशी पद्धत शिकवली नव्हती त्या गटातली मुलेही वेळेनुसार झोपू लागली होती. मला यातून एवढेच दिसते की ही निवड पूर्णपणे तुमची आहे. कुणी ती पद्धत वापरली तर त्या आईला निष्ठुर म्हणू नये, आणि तुम्हाला रडणे ऐकवत नसेल तर त्यात कमकुवतपणा पाहू नये. मात्र ऐकवत नसताना ती पद्धत सुरू करू नका. वीस मिनिटे कशीबशी थांबून शेवटी पाजले, तर वीस मिनिटे रडल्यावर दूध मिळते एवढेच बाळ शिकते, आणि पुढची रात्र दोघांनाही अधिक कठीण जाते. तुमच्यासाठी शेजारी बसून शिकवण्याची, संथ पद्धत योग्य आहे. तिला दोन-तीन आठवडे लागतात, पण ती तुम्ही शेवटपर्यंत नेऊ शकाल.

सुरुवात रात्रीपासून करू नका, सकाळपासून करा. आठवडाभर एका वहीत तो केव्हा झोपला, केव्हा उठला, केव्हा प्याला एवढेच लिहा. या वयाच्या बाळाला दिवसाच्या डुलक्या धरून चोवीस तासांत १२ ते १६ तास झोप लागते, आणि त्यातली चार-पाच तासांची झोप दिवसा होत असेल तर रात्री बारा तासांची अपेक्षा ठेवण्यात अर्थ नाही. सकाळी उठवण्याची वेळ रोज एकच ठेवा, रात्र कितीही वाईट गेली तरी, आणि उठल्या उठल्या त्याला भरपूर उजेडात न्या. शरीराचे घड्याळ लावण्याचे काम उजेडाइतके दुसरे काहीही करत नाही. संध्याकाळच्या शेवटच्या डुलकीनंतर रात्रीच्या झोपेपर्यंत दोन-अडीच ते तीन तासांचे अंतर राहील असे पाहा. दिवसा मुळीच झोपू दिले नाही तर रात्री गाढ झोपेल, हा समज मात्र सोडून द्या, कारण अति दमलेले बाळ चिडचिडे होते, झोपायला वेळ लावते आणि लवकर उठते.

झोपवण्याची वेळ वहीवरूनच ठरवा. तुम्ही सातला प्रयत्न सुरू करत असाल आणि तो खरा झोपत असेल साडेआठला, तर पहिल्या आठवड्यात साडेआठ हीच त्याची वेळ माना. खरोखर झोप आलेल्या बाळाला नवी रीत शिकणे पुष्कळ सोपे जाते. ती जमली की वेळ दर दोन-तीन दिवसांनी पंधरा मिनिटांनी मागे आणता येते. या वेळेच्या आधीचा अर्धा-पाऊण तास रोज त्याच क्रमाने जावा: दूध, मग अंग पुसणे किंवा आंघोळ, कपडे बदलणे, मंद दिवा, एखादी अंगाई, आणि पाळणा. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जोडी मिंडेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४०५ मातांबरोबर केलेल्या, २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात केवळ असा नियमित क्रम पाळल्याने बाळे लवकर झोपू लागली, रात्रीच्या जागा कमी झाल्या आणि आयांची मनःस्थितीही सुधारली. तुमच्या बाबतीत या क्रमातली कळीची गोष्ट म्हणजे दूध सुरुवातीला आणणे. आज ते अगदी शेवटी आहे, म्हणून दूध आणि झोप यांची गाठ घट्ट बसली आहे. त्या दोहोंच्या मध्ये वीस मिनिटांची दुसरी कामे घातली की ती गाठ सैल होऊ लागते.

पहिल्या काही रात्री एवढेच करा की पिता पिता त्याचे डोळे मिटू लागले आणि ओढणे मंदावले की हिरड्यांच्या कडेने करंगळी हळूच सारून त्याला स्तनावरून सोडवा, आणि झोप पुरी लागण्याआधी, तो गुंगीत असतानाच पाळण्यात ठेवा. तो कुरकुरेल. छातीवर हात ठेवा, थोपटा, एकच वाक्य किंवा एकच सूर हलक्या आवाजात म्हणत राहा. कुरकुर वाढून खरे रडणे झाले तर उचला, शांत करा आणि झोप लागण्यापूर्वी पुन्हा खाली ठेवा. पहिल्या रात्री हे अनेकदा करावे लागेल आणि पाठ भरून येईल. त्यावरून प्रयोग फसला असे समजू नका. तो थोपटण्याने झोपू लागला की थोपटणे कमी करत नुसता हात ठेवा. तेही जमले की हात काढून शेजारी बसा, मग दर दोन-तीन रात्रींनी बसण्याची जागा दाराकडे सरकवा. एखादी पायरी जड जात असेल तर तिच्यावर आठवडाभर थांबा, पण मागच्या पायरीवर परत जाण्याची घाई करू नका.

हे काम पतीने केले तर बहुधा लवकर होते, आणि त्यामागे साधे कारण आहे: त्यांच्या अंगाला दुधाचा वास नसतो, त्यामुळे बाळ त्यांच्याकडे दूध मागत नाही. तुमच्या पत्रात त्यांचा उल्लेखच नाही, याची मला काळजी वाटली. निदान मध्यरात्रीच्या ज्या जागांना पाजायचे नाही असे ठरले आहे, त्या त्यांच्याकडे सोपवा. आणि तुमच्यापैकी कुणीही असो, पहिला आवाज ऐकताच धावू नका. उथळ झोपेत बाळे कण्हतात, हातपाय झाडतात, चेहरा वेडावाकडा करतात, क्षणभर रडल्यासारखाही आवाज काढतात, आणि हे सगळे झोपेतच चाललेले असते. अशा वेळी उचलले की आपणच त्याला जागे करतो. एक-दोन मिनिटे ऐकत थांबा. आवाज चढत गेला तर जा.

सुरक्षिततेबद्दलच्या सूचना मी झोपेच्या कोणत्याही सल्ल्याच्या वर ठेवते. बाळाला नेहमी पाठीवरच झोपवावे, अंथरूण कडक आणि सपाट असावे, आणि पाळण्यात उशी, जाड पांघरूण, मऊ खेळणी, कडेची गादी यांपैकी काहीही नसावे. अमेरिकेत १९९४ मध्ये बाळांना पाठीवर झोपवण्याची मोहीम सुरू झाल्यानंतर झोपेत होणाऱ्या आकस्मिक मृत्यूंचे प्रमाण पुढच्या काही वर्षांत निम्म्याहून खाली आले, यावरून या साध्या गोष्टीचे मोल कळेल. तुमचा मुलगा आता पाठीवरून पोटावर आणि पोटावरून पाठीवर असा दोन्हीकडे वळत असेल तर पाठीवर ठेवल्यानंतर तो आपणहून पालथा झाला तरी त्याला रात्रभर उलटवत बसण्याची गरज नाही, पण कापडात घट्ट गुंडाळणे मात्र वळायला लागल्यापासून पूर्ण बंद हवे. वजनदार पांघरुणे आणि वजन घातलेले झोपेचे कपडे वापरू नयेत. झुलत्या आसनात किंवा कारच्या आसनात झोप लागली तर शक्य तितक्या लवकर सपाट जागी हलवावे. खोलीत धूम्रपान नको, आणि अंगावर फार कपडेही नकोत. आणि तुमच्यासारख्या थकलेल्या आईला एक गोष्ट आवर्जून सांगते: रात्री सोफ्यावर किंवा आरामखुर्चीत बसून पाजू नका. तिथे डोळा लागला तर बाळ फटीत किंवा तुमच्या अंगाखाली अडकून गुदमरू शकते. झोप अनावर होईल असे वाटत असेल तर उशा आणि पांघरुणे बाजूला केलेल्या पलंगावर पाजणे तुलनेने कमी धोक्याचे आहे, आणि जाग येताच बाळाला त्याच्या जागी ठेवावे.

झोप यावी म्हणून सर्दी-खोकल्याचे किंवा ॲलर्जीचे कोणतेही औषध स्वतःहून देऊ नका. बाळ रोज घोरत असेल, झोपेत श्वास अडखळत असेल, पिताना पाठ ताणून रडत असेल किंवा वारंवार उलट्या करत असेल, अंगाला खाज असेल, वजन वाढायचे थांबले असेल, तर झोपेची सवय बदलण्याआधी डॉक्टरांना दाखवा. झोप फार अस्वस्थ असेल तर शरीरात लोह पुरेसे आहे का हेही त्यांना विचारा, कारण या वयात जन्मतः असलेला लोहाचा साठा संपत आलेला असतो.

घडी बसत असतानाच ती मोडण्याचे प्रसंगही येतील. रांगायला लागल्यावर बाळे पाळण्यात उठून बसण्याचा सराव करतात. आठव्या-नवव्या महिन्याच्या सुमारास आई दिसत नसली तरी ती कुठेतरी आहे हे कळू लागते आणि तिच्यापासून दूर होण्याची भीती वाढते. अशा दिवसांत दिवसा लपाछपीचे खेळ खेळा आणि संध्याकाळी थोडा जास्त वेळ जवळ घ्या. ताप किंवा दुखणे असेल तेव्हा सगळे नियम बाजूला ठेवून त्याला हवे तितके पाजा आणि जवळ घ्या, आणि बरे वाटल्यावर एक-दोन दिवसांत पुन्हा आपल्या क्रमावर या. शिकलेले सहसा पुसले जात नाही, फक्त उजळणी करावी लागते.

‘दिवसाही मला काही सुचेनासे झाले आहे’ या तुमच्या वाक्यापाशी मी बराच वेळ थांबले. महिनोन् महिने तुकड्यातुकड्यांनी झोपणाऱ्या कुणालाही असे होईल, आणि त्यावरचा पहिला उपाय म्हणजे सलग झोप. आजपासूनच, बाळाची सवय बदलण्याची वाट न पाहता, रात्रीचे दोन भाग करा: नऊपासून एक-दोनपर्यंत पती बाळाजवळ राहतील आणि तुम्ही दुसऱ्या खोलीत झोपाल, त्यानंतर तुम्ही याल. या वेळेतली पाजणी काढून ठेवलेल्या दुधाची असू शकते, किंवा ते बाळाला तुमच्यापाशी आणून, पाजून झाल्यावर परत नेऊ शकतात. मात्र बाळ झोपलेले असतानाही तुम्हाला झोप येत नसेल, सतत रडू येत असेल, कशातच रस वाटत नसेल, बाळाबद्दल काही वाटेनासे झाले असेल, तर ही नुसती दमणूक नसेल. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार नुकत्याच बाळंत झालेल्या सुमारे १३ टक्के स्त्रियांना मानसिक आजाराचा, मुख्यतः नैराश्याचा त्रास होतो. तो उपचारांनी बरा होतो, आणि अंगावर पाजत असतानाही घेता येतील अशी औषधे आहेत. यांतले काही जाणवत असेल तर पुढच्या तपासणीची वाट पाहू नका. स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचा विचार एकदाही मनात आला असेल तर आजच, घरातल्या कुणाला तरी सोबत घेऊन, डॉक्टरांकडे जा.

आता नोकरीबद्दल. दीड महिना पुरेसा आहे, फक्त शेवटच्या आठवड्यासाठी काही राखून ठेवू नका. पहिला आठवडा वही लिहिण्यात आणि सकाळची वेळ बसवण्यात जाईल, त्यानंतरचे तीन आठवडे पाळण्यात झोपवण्याच्या पायऱ्यांसाठी ठेवा, म्हणजे एखाद्या आजारपणासाठी हाताशी थोडे दिवस उरतात. दिवसा बाळाला जे सांभाळणार असतील त्यांना शेवटच्या पंधरवड्यात डुलक्यांसाठी झोपवण्याचे काम तुमच्या देखत करू द्या. तीन आठवडे सगळे नेटाने करूनही जागा कमी झाल्या नाहीत तर वही घेऊन बालरोगतज्ज्ञांना भेटा. तुम्ही कामावर रुजू झाल्यावर पहिल्या आठवड्यात तो रात्री पुन्हा जास्त वेळा उठण्याची शक्यता आहे, कारण दिवसभर तुम्ही समोर नसता आणि कित्येक बाळे दुधाचा आणि सहवासाचा हिशेब रात्री पुरा करतात. त्या आठवड्यात घरी आल्या आल्या, बाकी कामांना हात लावण्याआधी त्याला निवांत पाजा, रात्रीची एखादी पाजणी वाढली तर वाढू द्या, आणि पुढच्या आठवड्यापासून ठरलेल्या दोन वेळांवर परत या.